गेटसमोरची जागा नेमकी कुणाची?

"आमच्या घरासमोर गाडी लावायची नाही" आणि "रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?" ही दोन वाक्यं एकदा बोलली गेली की पुढचं भांडण कसं चालणार हे जवळपास ठरून जातं. गंमत अशी की दोघंही अर्धे बरोबर असतात. घरासमोरचा रस्ता खरोखरच घरमालकाचा नसतो. पण त्या रस्त्यावरून आपल्या गेटातून आत-बाहेर करायचा हक्क मात्र त्याचा असतो आणि तो हक्क चांगला भक्कम असतो. बहुतेक वाद चिघळतात ते या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे. माणूस भांडत असतो कुंपणालगतच्या रस्त्यासाठी, पण आवेश असा असतो की जणू त्याचं गेटच कुणीतरी अडवलंय.

म्हणून आधी जागा वेगवेगळ्या करून पाहू. कुंपणाला समांतर जाणारा सार्वजनिक रस्ता ही पहिली. गेटचं तोंड, म्हणजे रस्ता आणि तुमची हद्द जिथे भेटतात तो तीन-चार मीटरचा पट्टा, ही दुसरी. दोन-तीन घरांनी मिळून वापरायची सामाईक वाट ही तिसरी. तिन्हींचे नियम वेगळे, तक्रार ऐकणारा माणूस वेगळा आणि जिंकण्याची शक्यताही वेगळी.

पहिल्या जागेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तुमची मालकी खरेदीखतात लिहिलेल्या हद्दीपाशी संपते. त्यापलीकडच्या रस्त्यावर जिथे पार्किंगला मनाई नाही तिथे नियमात बसणारी कुणाचीही गाडी उभी राहू शकते. मग ती समोरच्या घरातल्या पाहुण्यांची असो, नाहीतर तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एखाद्याची. "आम्ही इथे वीस वर्षं लावतोय" याने काही बदलत नाही. सार्वजनिक रस्त्यावर गाडी उभी करून करून ती जागा कुणाची होत नाही.

काही शहरांमध्ये रहिवाशांना पार्किंगचा परवाना मिळतो. त्यावरही गैरसमज फार. हा परवाना म्हणजे त्या भागात जागा शोधायची मुभा. एखादी ठरावीक जागा तो राखून ठेवत नाही. सार्वजनिक रस्ता फक्त रहिवाशांसाठी राखता येतो का, हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीने कामाच्या दिवशी बाहेरच्या नोकरदारांच्या गाड्यांना वस्तीतल्या रस्त्यांवर मनाई केली होती. १९७७ मध्ये न्यायालयाने तो नियम योग्य ठरवला. म्हणजे राखीव जागा मिळू शकते. पण ती स्थानिक प्रशासनाने रीतसर नियम करून द्यावी लागते. आपण दोन कुंड्या आणि एक दगड ठेवून ती तयार होत नाही.

तरीही माणसं कुंड्या ठेवतातच, आणि त्यामागची भावना अगदीच पोकळ नसते. अमेरिकेतल्या बॉस्टन, शिकागो, पिट्सबर्ग अशा बर्फाच्या शहरांमध्ये फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली की तिथे जुनी खुर्ची ठेवायची पद्धत आहे. मी घाम गाळला, जागा माझी. बॉस्टनच्या प्रशासनाने या खुर्च्यांना मुदत घालून दिली: बर्फाची आणीबाणी उठल्यानंतर ४८ तास. त्यानंतर खुर्ची म्हणजे कचरा. कायदा आणि रीत यांच्यातली ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. कष्टाचा मान राखला, पण त्याची मालकी होऊ दिली नाही.

जागा धरून ठेवण्याची ही खोड किती खोल आहे, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्या एका मॉलच्या पार्किंगमधून निघणाऱ्या चालकांचं त्यात निरीक्षण केलं होतं. जागेसाठी कुणी मागे थांबलेलं दिसलं की निघणारा माणूस एरवीपेक्षा जास्त वेळ घ्यायचा. मागच्याने हॉर्न वाजवला तर आणखी जास्त. जी जागा सोडायचीच आहे तिच्याबाबतीतही ही तऱ्हा! शेजाऱ्याच्या गाडीमागे उभं राहून हॉर्न वाजवायची ज्यांना सवय आहे त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता दुसरी जागा, गेटचं तोंड. इथे चित्र पार पालटतं.

रस्त्याला लागून ज्याची जमीन आहे त्याला आपल्या जमिनीतून त्या रस्त्यावर जाता-येता आलं पाहिजे, हे इंग्लंडच्या न्यायपरंपरेतलं जुनं तत्त्व आहे आणि ती परंपरा घेतलेल्या देशांतल्या न्यायालयांनीही ते मानलं आहे. रस्ता सरकारचा असला तरी हा जाण्यायेण्याचा हक्क मालकाचा खासगी हक्क. म्हणून गेट अडवणारा माणूस एकाच वेळी दोन चुका करतो: वाहतुकीचा नियम मोडतो आणि शेजाऱ्याच्या हक्कावर गदा आणतो. पहिलीसाठी पोलीस, दुसरीसाठी दिवाणी न्यायालय.

वाहतुकीचे नियम जवळपास सगळीकडे गेटचं तोंड मोकळं ठेवायला सांगतात. कसं मोकळं ठेवायचं, यात मात्र मजेशीर फरक आहेत. न्यूझीलंडमध्ये गाडीच्या प्रवेशद्वारापासून किमान १ मीटर अंतर सोडावं लागतं. जपानमध्ये ३ मीटर, आणि तिथला नियम इतका कडक की स्वतःच्या गॅरेजच्या तोंडाशी स्वतःचीच गाडी रस्त्यावर उभी केली तरी तो नियमभंग. इंग्लंडमध्ये २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याने, जिथे गाडी आत नेण्यासाठी फुटपाथची कड उतरती केलेली आहे तिथे गाडी लावायला मनाई केली. मात्र घरातल्या माणसाने स्वतः लावली किंवा त्याच्या परवानगीने लावली तर चालते. ही सवलत सामाईक प्रवेशमार्गाला नाही. कारण उघड आहे: दोघांच्या वाटेला एकट्याची परवानगी कशी पुरेल?

भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्याखाली वाहन चालवण्याची २०१७ ची नियमावली आहे. त्यांतून निघणारा नियम साधा आहे: दुसऱ्याला अडथळा होईल अशी गाडी उभी करायची नाही. कायद्याचं कलम १२७ मात्र नीट माहीत असावं. सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ गाडी बेवारस सोडली असेल, किंवा मनाई असलेल्या जागी लावली असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलून नेण्याचा हुकूम देऊ शकतो. लोक समजतात की १० तास थांबावंच लागतं. तसं नाही. ते तास सोडून दिलेल्या गाडीसाठी आहेत. मनाईच्या जागेसाठी 'किंवा' हा शब्द पुरेसा आहे.

गेटच्या वादातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे भूमिती. "मी कुठे तुमच्या गेटसमोर लावलीय? पलीकडच्या बाजूला तर आहे!" हे वाक्य प्रामाणिकपणे बोललं जातं आणि तरीही चुकीचं असू शकतं. हिशोब करून बघा. रस्ता ६ मीटर रुंद. पलीकडच्या कडेला गाडी लागली की तिने आरसे धरून जवळपास २ मीटर खाल्ले. उरले ४. आता गेटातून सरळ बाहेर येणारी छोटी गाडीसुद्धा साधारण ४ मीटर लांब असते. तिला त्या ४ मीटरच्या पट्ट्यात काटकोनात वळायचंय, आणि पूर्ण वळसा घ्यायचा तर अशा गाडीला १० मीटरच्या आसपास व्यासाचं वर्तुळ लागतं. एका दमात ती वळणारच नाही. मागे-पुढे, मागे-पुढे करत निघेल. गेटच्या दोन्ही बाजूंनाही कुंपणाला चिकटून गाड्या असतील तर कदाचित निघणारही नाही.

जर्मनीच्या वाहतूक नियमांनी हे ओळखलंय. तिथे गेटसमोर पार्किंगला मनाई आहेच, शिवाय रस्ता अरुंद असेल तर गेटच्या समोरच्या बाजूलाही मनाई आहे. अरुंद म्हणजे किती, यावर तिथे भरपूर खटले झाले. न्यायालयांनी साधारण साडेपाच मीटरच्या आसपास रेघ ओढली, आणि दोन-तीनदा मागेपुढे करून गाडी निघत असेल तर तेवढा त्रास सोसावा अशी भूमिका घेतली. ही कसोटी दुसऱ्या देशात कायदा म्हणून लागू नाही, पण शेजाऱ्याशी बोलताना उपयोगी आहे. "तुमची गाडी त्रास देते" असं म्हणण्यापेक्षा टेप घेऊन रस्ता मोजा आणि "तुमची गाडी दीड मीटर पुढे सरकली तर माझी एका दमात निघते" असं दाखवा. आकड्यावर चिडणं माणसाला जरा जड जातं.

आणखी एक फरक इंग्लंडमधले पोलीस करतात, तो प्रथम ऐकताना विचित्र वाटतो. तुमची गाडी आत आहे आणि दुसऱ्याने तोंड अडवल्यामुळे ती बाहेर काढता येत नाही, तर तो रस्त्याच्या वापराला अडथळा. पण तुमची गाडी बाहेर आहे आणि आत नेता येत नाही, तर तुम्ही रस्त्यावर आहातच, दुसरीकडे लावा! तर्क कोरडा आहे, पण तर्क आहे. तक्रार करताना "गेट अडवलंय" एवढंच न सांगता "गाडी आत अडकली आहे, बाहेर काढता येत नाही" हे आधी सांगावं, ते यासाठी.

गेटवाल्याची बाजू इतकी भक्कम असली तरी शेजाऱ्याची एक कुरकुर मला रास्त वाटते. घरापुढची बाग काढून फरशी घातली, नवं गेट बसवलं, की एक गाडी आत गेली खरी. पण गेटचं तोंड मोकळं राहावं म्हणून रस्त्यावरची एका गाडीची जागाही कायमची गेली. ती जागा आधी सगळ्यांची होती. म्हणूनच इंग्लंडमध्ये फुटपाथची कड उतरती करायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. परवानगी न घेता नुसतं गेट बसवलं असेल तर वर सांगितलेलं कायद्याचं संरक्षण मिळवताना अडचण येते. गेट आहे पण आत अडगळ भरलीय, गाडी रस्त्यावरच उभी असते आणि तरी तोंड मोकळं हवं, असाही प्रकार असतो. नियम सहसा आत गाडी आहे का हे विचारत नाही. शेजारी मात्र विचारतो, आणि त्याचं काय चुकलं?

जपानने या भांडणाच्या मुळालाच हात घातला. १९६२ च्या कायद्यानुसार तिथे गाडी घेणाऱ्याने ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे दाखवावं लागतं. पोलीस ठाण्यातून तसा दाखला घ्यावा लागतो आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत असावी लागते. रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग १२ तास, किंवा रात्रीचे ८ तास, गाडी ठेवायला मनाई. छोट्या गाड्यांचे नियम थोडे सैल आहेत, पण रस्ता म्हणजे गॅरेज नव्हे हे तिथे गाडी दारात येण्याआधीच ठरतं. बाकीच्या जगात ते गाडी आल्यावर, गल्लीत, आवाज चढवून ठरवलं जातं.

आता तिसरी जागा, सामाईक वाट. सगळ्यात कडू भांडणं इथली असतात, कारण इथे दोघांकडेही कागद असतो.

मागच्या घराला रस्त्यावर यायचं तर पुढच्याच्या जमिनीतून यावं लागतं, अशी नेहमीची मांडणी. जमीन पुढच्याची, पण मागच्याला तिच्यावरून जायचा वहिवाटीचा हक्क. इथली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की जाण्याचा हक्क म्हणजे थांबण्याचा हक्क नव्हे. सामान उतरवायला पाच मिनिटं थांबणं वाजवी वापरात धरलं जातं. रात्रभर गाडी ठेवणं धरलं जात नाही. आणि हे दोघांनाही लागू आहे: जमीन माझी म्हणून पुढचा माणूसही वाटेत गाडी आडवी लावू शकत नाही.

याला अपवाद होतात, पण ते कष्टाने मिळवावे लागतात. स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवर एक घर समुद्राकाठी, कड्याच्या पायथ्याशी होतं. वाटेचा हक्क शेजारच्या जमिनीतून होता. पण वाट जिथे संपते तिथून घरापर्यंत पायीच उतरावं लागे, गाडी घराच्या हद्दीत नेणंच शक्य नव्हतं. मग गाडी ठेवायची कुठे? प्रकरण थेट ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, पोहोचलं आणि २००७ मध्ये निकाल लागला: अशा परिस्थितीत जाण्याच्या हक्कातच गाडी उभी करण्याचा हक्क गृहीत आहे, नाहीतर त्या हक्काला अर्थच उरत नाही. याच्या उलट, २००१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एका गॅरेज व्यावसायिकाचा दावा आला होता. दुसऱ्याच्या जमिनीच्या पट्ट्यावर कामाच्या दिवशी दिवसभर सहा गाड्या लावायचा वहिवाटीने हक्क मिळालाय, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने नकार दिला. मालकाला स्वतःच्या जमिनीचा काही उपयोगच उरणार नसेल तर तो वहिवाटीचा हक्क होऊच शकत नाही. या दोन निकालांमध्ये जी जागा उरते, तिथे बहुतेक सामाईक वाटांचे वाद बसतात.

भारतात हे सगळं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली येतं. त्यातल्या काही गोष्टी वाटेवरून भांडणाऱ्या प्रत्येकाने वाचाव्यात अशा आहेत. शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता २० वर्षं वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होतो. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं. यातला 'हक्काने' हा शब्द वजनदार आहे. परवानगी मागून वापरली असेल तर चाळीस वर्षांनीही ती परवानगीच राहते. दुसरं, एका प्रकारच्या वाटेचा हक्क असला म्हणून दुसऱ्या प्रकारचा मिळत नाही. आजोबांच्या काळात पाऊलवाट होती एवढ्यावर नातवाला तिथून चारचाकी नेता येत नाही. मागच्या बाजूचं घर घेताना खरेदीखतात 'जाण्यायेण्याची वाट' एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर तिथे थांबा. रुंदी किती, वाहनासाठी आहे का, हे लिहून घ्या. तिसरं, वाटेची डागडुजी ज्याला हक्क आहे त्याने स्वतःच्या खर्चाने करायची. जमीनमालकावर काही करण्याचं बंधन नाही. फक्त अडवायचं नाही.

अशा वादात पोलिसांकडे गेलं की "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळतं आणि माणूस वैतागतो. कधी ती टाळाटाळ असते, पण त्यामागे कायद्याचं कारणही आहे. कुणाची वाट बेकायदा अडवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, पण त्या कलमालाच एक अपवाद जोडलेला आहे: खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून कुणी ती अडवली, तर तो गुन्हा होत नाही. सामाईक वाटेवरचे दोन्ही शेजारी नेमकं तेच समजत असतात. म्हणून दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम घ्यावा लागतो. प्रकरण हातघाईवर येण्याची चिन्हं असतील तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं.

तोवर स्वतःच काही करून मोकळं व्हावं असा मोह होतो. चाकातली हवा सोडणं, काच फोडणं हे गुन्हे आहेत हे सांगायला नको. पण आपल्याच जमिनीवर दुसऱ्याने लावलेल्या गाडीला जॅमर लावणं? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने खासगी जमिनीवर हे करणं, किंवा गाडी ओढून नेणं, गुन्हा ठरवलं. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ मध्येच जॅमर लावून पैसे मागण्याला खंडणी म्हटलं होतं. तुमच्या हद्दीत घुसलेला माणूस चुकलेला असतो. पण त्याची गाडी अडकवली की दुसरा चुकणारा तुम्ही होता, आणि पुढच्या सगळ्या कागदपत्रांत तुमचीच चूक आधी वाचली जाते. रस्त्यावर टाकलेले दगड, साखळी, जुने टायर यांचंही तेच. ते रस्त्यावरचे अडथळेच. घरच्या घरी रंगवलेली 'नो पार्किंग'ची पाटी गेटवर असेल तर आहे त्या नियमाची आठवण म्हणून चालेल. कुंपणाच्या पूर्ण लांबीभर लावली तर तिला कवडीची किंमत नाही.

मग करायचं काय? गाडी आडवी असताना, ऑफिसला उशीर होत असताना बोलू नका. त्या वेळी फक्त गाडी काढून घ्या. बोलणं संध्याकाळी, गाडीबद्दल न बोलता वेळेबद्दल: "मला सकाळी साडेआठला निघावं लागतं, त्या आधी तेवढी पुढे घेता आली तर बघा." काचेवर चिठ्ठी लावायची असेल तर तिच्यात फोन नंबर असावा आणि 'परत दिसली तर' असं काही नसावं. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर फोटो काढा, पण नुसत्या गाडीचा नको. गेट, रस्त्याची कड आणि गाडी एकाच चौकटीत दिसली पाहिजेत, आणि तारीख-वेळ नोंदवलेली हवी. गाडी भाडेकरूची असेल तर घरमालकालाही एक निरोप जाऊ द्या.

आणि तुम्ही स्वतः शेजाऱ्याला तुमच्या मोकळ्या जागेत गाडी लावू देत असाल, तर तेही एका ओळीत लिहून ठेवा: अमुक तारखेपासून माझ्या परवानगीने, मी सांगेन तेव्हा काढण्याच्या अटीवर. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. असं लिहायला लोक संकोचतात. शेजाऱ्याकडून काय सही घ्यायची, म्हणतात. पण वापर परवानगीने चाललाय हे कागदावर असलं की वीस वर्षांनी त्याचा हक्क होईल ही धास्ती देणाऱ्याला राहत नाही, आणि म्हणूनच तो मधेच, उगाच, नुसत्या भीतीपोटी गाडी काढायला सांगत नाही.